शिकेकाई-रिठ्यानं केस धुताय? या चुका टाळा

"शिकेकाईनं न्हायला लागले आणि केस अगदी काथ्यासारखे झाले गं." ही तक्रार मी आजवर इतक्या जणींकडून ऐकली आहे की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "परत शाम्पू आणला शेवटी." दर वेळी वाईट वाटतं. कारण चूक शिकेकाईची नसते. आपण बाटली बदलतो, पण शाम्पूनं लावलेल्या सवयी तशाच ठेवतो, आणि तिथेच सगळं बिनसतं.

मी गेली नऊ वर्षं घरीच काढा करून केस धुते. पहिलं वर्ष चुका करण्यातच गेलं. त्या चुका, आणि त्या निस्तरायच्या कशा, ते इथे लिहिते आहे.

फेसाच्या मागे लागणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. मळ आणि तेल सोडवून पाण्यात मिसळायचं काम ते करतं. दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. शिकेकाई सौम्य, फेस बेताचाच. तिचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि आपली त्वचाही तशीच, म्हणून दोघांचं जमतं. रिठा जोरकस. त्याचा फेस भरपूर होतो. लोकरीची शाल, रेशमी साडी, सोन्याचे दागिने धुवायला आपल्याकडे रिठाच वापरतात, यावरून त्याची ताकद लक्षात यावी. आता होतं काय, शिकेकाईला फेस येत नाही म्हणून बायका रिठे वाढवत जातात. चाराचे आठ, आठाचे बारा. फेस येतो, पण टाळूचं सगळं तेल निघून जातं आणि चार दिवसांत केसांचा काथ्या होतो.

खांद्याच्या खाली येणाऱ्या केसांसाठी माझं प्रमाण असं: शिकेकाईच्या सहा-सात शेंगा, रिठे फक्त तीन, आवळकाठीचे चार-पाच तुकडे आणि चमचाभर मेथी. रिठा फोडून आतली काळी, टणक बी टाकून द्यायची. आपल्याला हवी असते ती साल. शेंगा हातानं मोडून, सगळं स्टीलच्या पातेल्यात साधारण तीन पेले पाण्यात रात्री भिजत घालायचं. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं, बस. रात्रभर भिजलेलं असलं की अर्धा तास उकळत बसायची गरजच नसते, गॅसही वाचतो. उतरवून कोमट झालं की हातानं चांगलं कुस्करायचं. या वेळी हाताला जो बुळबुळीतपणा लागतो तो मेथीचा. केसांचा गुंता त्यानंच सुटतो. केस फार कोरडे असतील तर सात-आठ जास्वंदीची पानं याच पाण्यात चुरायची आणि रिठे तीनाचे दोन करायचे.

पातेलं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत शिकेकाई-आवळ्यातलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून पाणी काळंकुट्ट होतं. काळ्या केसांना त्यानं काही होत नाही, पण पांढऱ्या बटा करड्या दिसतात आणि टॉवेलचे डाग जात नाहीत. कल्हई नसलेलं पितळही नको.

काथ्या झालाच असेल तर? दोन आठवडे रिठा पूर्ण बंद. नुसती शिकेकाई, मेथी, जास्वंद. प्रत्येक धुण्याच्या आदल्या रात्री चमचाभर खोबरेल तेल. बहुतेकींचे केस एवढ्यानं ताळ्यावर येतात.

आणखी एक. शाम्पू-कंडिशनर सोडल्यावर पहिल्या तीन-चार धुण्यांत केस खरखरीत लागतातच. कंडिशनरमधल्या सिलिकोनचा पातळ थर केसांवर बसलेला असतो, तो निघून गेल्यावर बोटांना खरा केस लागतो. घाबरून त्याच आठवड्यात निर्णय घेऊ नका.

बाटली भरून ठेवणं

हे मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या उत्साहात एका रविवारी लिटरभर काढा केला, गाळून जुन्या शाम्पूच्या बाटलीत भरला आणि न्हाणीघरात ठेवून दिला. गुरुवारी संध्याकाळी बाटली टम्म फुगलेली. झाकण फिरवलं तसं ते फट्‌दिशी उडालं आणि आंबलेल्या ताकासारखा वास घरभर पसरला. चार दिवसांच्या उकाड्यात त्याचं रीतसर आंबवण झालं होतं.

साधी गोष्ट आहे. हा शेंगा-फळांचा काढा आहे, म्हणजे आमटीसारखाच नाशवंत. आमटी आपण न्हाणीघरात चार दिवस ठेवू का? शाम्पू टिकतो कारण त्यात टिकवणारी रसायनं असतात. काढा एका वेळेपुरताच करा. उरलाच तर फ्रिजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त नाही. मी उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. प्रवासाहून आल्यावर सहा-सात खडे कोमट पाण्यात टाकले की काम झालं. आंबूस वास, वर बुरशीची साय किंवा चमच्याला तार यायला लागली की सरळ झाडाच्या मुळाशी ओता. टाळूवर बारीक पुटकुळ्या येतात म्हणून येणाऱ्या दोघी-तिघींच्या घरी मला अशीच शिळी बाटली सापडली आहे.

न गाळता लावणं, आणि डोळे

तयार पूड पाण्यात कालवून थेट डोक्यावर थापली की केसांत बारीक कुसळं अडकतात. कितीही पाणी ओता, वाळल्यावर खांद्यावर तपकिरी भुगा पडतो आणि सगळे विचारतात, "कोंडा झालाय का?" कोंडा नसतो, शिकेकाईच असते. शिवाय न्हाणीची जाळी तुंबते ती वेगळीच. चहाच्या गाळणीनं भागत नाही. जुन्या मऊ सुती धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा घ्या, त्यातून पिळून गाळा. पूडच वापरायची असेल तर तीही रात्री भिजवून सकाळी गाळूनच.

पूड घरी दळणार असाल तर नाका-तोंडाला फडकं बांधा आणि मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका. रिठ्याची धूळ नाकात गेली की शिंका आणि खोकला थांबता थांबत नाहीत. तो मिक्सर नंतर दोनदा घासून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीची चटणी कडू.

डोळ्यांचं मात्र गांभीर्यानं घ्या. हे पाणी डोळ्यात गेलं तर शाम्पूपेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. मान पुढे झुकवून केस धुवायची सवय इथे सोडायला हवी. मान मागे टाकून, कपाळापासून मागे अशी धार सोडायची. लहान मुलांना निदान सहा-सात वर्षांपर्यंत रिठा नकोच. गेलंच डोळ्यात तर न चोळता साध्या, गार, स्वच्छ पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धूत राहा. लाली किंवा धूसरपणा राहिला तर डॉक्टरांकडे जा. घरगुती उपायावर दुसरा घरगुती उपाय करू नका.

वाटीभर तेल

चंपी ही मायेची गोष्ट आहे, पण वाटीभर तेल जिरवून दुसऱ्या दिवशी शिकेकाईनं ते निघेल अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. खोबरेल तेल केसांच्या आत शिरतं, हे खरं. त्यामुळे धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. त्यासाठी दोन लहान चमचे पुष्कळ झाले, तेही मधल्या भागापासून टोकांपर्यंत. बाकीचं नुसतं वर बसून राहतं.

जास्त झालंच असेल तर शिकेकाई दोनदा-तीनदा ओतत बसू नका. कोरड्या केसांनाच दोन चमचे बेसन किंवा मुगाचं पीठ थोड्या काढ्यात सरबरीत कालवून लावा, पाच मिनिटांनी कोमट पाण्यानं काढा. माझी चिपळूणची आत्या दिवाळीच्या अभ्यंगानंतर आम्हा सगळ्या मुलींची डोकी अशीच धुवायची. पाणी मात्र कोमटच. कडकडीत पाण्यात पीठ केसांत शिजून चिकटतं.

साबणाच्या वडीला शिकेकाई समजणं

"मी शिकेकाईच वापरते," असं सांगणाऱ्या कितीतरी जणी प्रत्यक्षात शिकेकाई घातलेली साबणाची वडी वापरत असतात. वडी म्हणजे साबणच, आणि साबण अल्कधर्मी. त्यात जड पाणी असेल, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं, तर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडून पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या काठावर जो थर बसतो, तोच केसांवरही. पुण्याच्या उपनगरांतून आणि मराठवाड्यातून येणाऱ्या "केस चिकट राहतात" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

शेंगेच्या काढ्याचा असा साका होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. वडीनं आधीच थर चढला असेल तर शेवटच्या तांब्याभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस घालून केसांवरून सोडा आणि मग साधं पाणी घ्या. थर हळूहळू सुटतो.

बाजारात घेतानाही डोळे उघडे ठेवा. बाटलीवर शेंगांचं चित्र मोठं असतं. मागची घटकांची यादी वाचा. ती साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. शिकेकाई शेवटून दुसरी असेल तर काय समजायचं ते समजा. त्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगा घ्या. चांगली शेंग तपकिरी-लालसर, मोडताना कट्‌कन आवाज करणारी. भोकं आणि पांढरी भुकटी दिसली की कीड लागलेली आहे. पुडीपेक्षा अख्ख्या शेंगेत भेसळ करणं अवघड.

लिंबू नुसतं टाळूवर किंवा चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका, त्वचेवर काळे चट्टे पडतात. खाण्याचा सोडा केसांना लावू नका. आणि तासाभरात काळेभोर केस करणारी "काळी मेंदी" ही मेंदी नसते. मेंदीचा रंग तांबूसच येतो. काळेपणा बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो, आणि त्यानं काहींच्या चेहऱ्याला भयंकर सूज येते.

केस गळतात म्हणून काढा बदलत राहणं

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. रोज पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच आहे. आठवड्यातून एकदाच धुणारीला ते एकदम दिसतात आणि धसका बसतो. पण खरोखरच मुठीनं केस येत असतील तर उत्तर काढ्यात शोधू नका. दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. मोठा ताप? बाळंतपण? भात-पोळी सोडून पंधरा दिवसांत कमी केलेलं वजन? शरीराला धक्का बसला की केस गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे दोष बिचाऱ्या नव्या काढ्यावर येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक. टाळूवर महागडी तेलं ओतणारी बाई स्वतः मात्र सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेल्या आमटीबरोबर पोळी खाते, आणि त्यावर लगेच चहा घेते. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. चहा तासभर पुढे ढकला. वरणावर, मटकीच्या उसळीवर, मेथी-माठाच्या भाजीवर लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. हिवाळ्यात अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठी करायचे हा नियम मोडा. अंडं किंवा मासे खात असाल तर उत्तम, नसाल तर रोज एक वाटी कडधान्य ठरवून. आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून ताटातला बदल दिसायला चार-सहा महिने लागतील.

पाणी कुठेही सोडणं

नैसर्गिक आहे म्हणून कुठेही ओतलं तरी चालतं, हाही एक गैरसमज. सॅपोनिन माशांना विषारी आहे. गावी गेल्यावर ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीच्या कडेला बसून रिठ्यानं केस धुऊ नका. जमिनीत मुरलं की मातीतले जिवाणू त्याचा निकाल लावतात, वाहत्या पाण्यात मासे आणि बेडकांची पिल्लं मरतात. कोकणात परसातल्या न्हाणीचं पाणी अळूच्या आणि केळीच्या बुंध्याशी सोडतात, ती पद्धत अगदी बरोबर आहे. फ्लॅटमध्ये मी टबात बसून केस धुते आणि ते पाणी गच्चीतल्या कर्दळीच्या पिंपाला घालते. जेमतेम अर्धी बादली होतं.

गाळून उरलेला चोथाही फेकू नका. दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवून बरणीत ठेवला की तेलकट कढई घासायला तो उपयोगी पडतो. नारळाची शेंडी घेऊन थोड्या चोथ्यानं घासलं की फोडणीची कढई लख्ख निघते. एकदा घासून झालं की मग तो खताच्या डब्यात.