गिटारचा पिक कसा निवडायचा: जाडी, टोक आणि तुमचा हात

पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चपटी चकती, आणि तो घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास एकच येतो, थिन घेऊ का मिडियम का हेवी. प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे, कारण एकाच जाडीचे दोन पिक हातात घेऊन बघा, एक नायलॉनचा आणि एक अल्टेक्स नावाच्या ताठ प्लास्टिकचा, दोन्ही ०.७३ मिमी, तरी एक मस्त वाकेल आणि दुसरा बराच ताठ राहील. म्हणजे पाकिटावरचा आकडा बघून सगळं कळत नाही.

मी याच्याकडे जरा वेगळं बघतो. तार छेडताना काहीतरी एक वाकतंच, पिक वाकेल, तार वाकेल नाहीतर तुमच्या बोटांची पकड आणि मनगट सैल होईल. पातळ पिक असेल तर तो स्वतः वाकतो आणि तुमचा हात जरा जोरात पडला तरी सांभाळून घेतो. जाड पिक वाकतच नाही, तो तारेला ढकलतो, आणि मग हात जड असेल तर ते सगळं लगेच ऐकू येतं. तर प्रश्न असा विचारायचा की मला जे वाजवायचंय त्यात कोण वाकायला पाहिजे. याचं उत्तर सापडलं की दुकानात गोंधळ होत नाही.

आधी आकडे, म्हणजे पुढचं बोलायला सोपं. साधारण ०.४० ते ०.६० मिमी म्हणजे थिन, ०.६० ते ०.८० मिडियम, ०.८० ते १.२० हेवी आणि त्याच्या वर एक्स्ट्रा हेवी, जे ३ मिमी आणि त्याहून जाडही मिळतात. प्रत्येक कंपनीच्या सीमारेषा थोड्या वेगळ्या असतात त्यामुळे 'मिडियम' या शब्दावर विसंबू नका, मिमी बघा. डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स नावाच्या पिकमध्ये तर रंगावरून कळतं, लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०, जांभळा १.१४. त्यामुळे बरेच जण जाडी न सांगता 'मी पिवळा वापरतो' एवढंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं.

आता स्ट्रमिंग. अकूस्टिक गिटारवर कॉर्ड धरून गाणं म्हणायचं, खालीवर हात सतत चालू ठेवायचा, हे तुमचं मुख्य काम असेल तर ०.५० ते ०.७३ च्या आसपास सुरुवात करा. पातळ पिक सहा तारांवरून अडकल्याशिवाय सरकतो आणि आवाज चमकदार, थोडा झिरझिरीत येतो जो गाणाऱ्याच्या गळ्यामागे छान बसतो. पण याची एक किंमत असते, पिक तारेवर आपटल्याचा टक टक आवाजही येतो, आणि खालच्या सुराच्या जाड तारांचा भरीवपणा कमी होतो. मायक्रोफोन लावून रेकॉर्ड करत असाल तर ती टकटक फार जाणवते. कधीकधी ती हवीच असते, एखाद्या शेकरसारखी ठेका धरते, आणि कधी डोकं उठवते. एकटेच वाजवताय, गिटार हेच एकमेव वाद्य आहे, आणि भरीव आवाज पाहिजे असेल तर मी ०.७३ किंवा ०.८८ घेऊन हात हलका करायला सांगेन. पहिले काही दिवस पिक तारांत अडकतो, हातातून फिरतो, चिडचिड होते, पण मनगट सैल झालं की पातळ पिकच्या दुप्पट गोष्टी त्याने करता येतात, हळू वाजवा, जोरात वाजवा, फक्त बेस तारा वाजवा, सगळं ऐकतो तो.

सिंगल नोट, लीड, सोलो, स्केल, म्हणजे कॉर्डऐवजी एकेक सूर वाजवणं, हा भाग पूर्ण वेगळा. इथे पिक वाकला तर तो परत सरळ व्हायला क्षणभर वेळ घेतो आणि वेगात वाजवताना तोच क्षण नडतो, नोट थोडी उशिरा येते किंवा पुसट येते. म्हणून लीड वाजवणारे साधारण १ मिमीच्या वर जातात. डनलॉपचा जॅझ थ्री हा याचं नेहमीचं उदाहरण, १.३८ मिमी, आकाराने छोटा, टोकदार. नावात जॅझ असलं तरी रॉक आणि मेटलवाल्यांनी तो डोक्यावर घेतलाय, एरिक जॉन्सन आणि जॉन पेट्रुची या दोन गिटारवादकांच्या नावाचे जॅझ थ्री बाजारात आहेत. छोटा का चालतो, तर बोटांच्या बाहेर कमी टोक राहतं, तारेत खोल जात नाही, आणि एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जायला अंतर कमी पडतं. पण हाच पिक घेऊन कॅम्पफायर स्टाइल जोरदार स्ट्रमिंग करायला जाल तर तो बोटातून निसटेल, त्यात पिकचा काही दोष नाही.

मेटल रिदम, पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेला आवाज), सतत डाउनस्ट्रोक (फक्त खालच्या दिशेने छेडणं), इथेही जाड आणि ताठच लागतो, ०.८८ ते १.५ च्या दरम्यान बहुतेकांचं भागतं. ट्यूनिंग खाली आणून जाड तारा लावल्या असतील तर पातळ पिक त्यांच्यापुढे अक्षरशः हार मानतो. अजून एक, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारा इफेक्ट, चालू असताना पिकचे बारीक फरक बरेच झाकले जातात, त्यामुळे पिक तपासायचा असेल तर क्लीन टोनवर, म्हणजे इफेक्टशिवाय, तपासा.

जॅझमध्ये गोल, भरीव, मऊ सुरुवात असलेली नोट पाहिजे असते, म्हणून जाड पण टोक गोलसर असा पिक चालतो. गिटारवादक जँगो राइनहार्टच्या जिप्सी जॅझ परंपरेत तर अकूस्टिक गिटार बँडमध्ये ऐकू यायला पाहिजे म्हणून खूपच जाड पिक, ३ मिमीच्या वरचेही, वापरतात. पहिल्यांदा हातात घेतल्यावर विनोदच वाटतो पण त्या शैलीचं काम तो बरोबर करतो.

आता टोकाबद्दल, आणि माझ्या मते लोक सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. जाडी बदलून जो फरक पडतो तेवढाच, कधी त्याहून जास्त, टोक बदलून पडतो. टोकदार पिकने नोटची सुरुवात धारदार, स्पष्ट येते, गोल टोकाने मऊ आणि जाडसर येते. नवीन पिक विकत न घेता हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे हातातला साधा पिक फिरवून त्याच्या गोल खांद्याने वाजवा. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन असाच गोल बाजूने वाजवायचा, आणि त्याच्या जाड तारांवरचा तो भरदार आवाज यायला याचीही मदत होती. तुम्हाला तुमच्या गिटारचा आवाज फार टोचतोय असं वाटत असेल तर अँप बदलायच्या आधी हे करून बघा, फुकट आहे.

आकारांचं फार डोक्यात घेऊ नका. नेहमीचा जो गोलसर त्रिकोणी दिसतो त्याला ३५१ म्हणतात, हा नंबर डी'आंद्रेआ कंपनीच्या जुन्या क्रमांकांतून आलाय, याच कंपनीने १९२२ पासून सेल्युलॉइडचे पिक बनवायला सुरुवात केली होती. मोठा तीन समान कोपऱ्यांचा त्रिकोण बेस गिटार वाजवणाऱ्यांना आवडतो, धरायला भरपूर जागा आणि एक कोपरा झिजला की फिरवून दुसरा. थेंबाच्या आकाराचा छोटा टिअरड्रॉप लीड आणि मँडोलिनवाल्यांचा. नवशिक्याने ३५१ ने सुरू करावं, एवढंच.

मटेरियलमध्ये खरी मजा आहे. पूर्वी कासवाच्या कवचाचे पिक सर्वात भारी समजले जायचे, पण वन्यजीवांच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७३ ला झाला त्याच्याखाली त्या कासवांच्या व्यापारावर बंदी आली, आणि आज कोणी 'खरं टॉर्टॉइज शेल' म्हणून विकत असेल तर हातही लावू नका. सेल्युलॉइड त्याची जागा घेणारं जुनं मटेरियल, आवाज उबदार, दिसायला सुंदर, पण लवकर झिजतं आणि पटकन पेट घेतं, तेव्हा मेणबत्ती लायटरपासून लांब ठेवा. नायलॉन लवचिक आणि मऊ आवाजाचं, त्याच जाडीच्या इतर पिकपेक्षा जास्त वाकतं, म्हणून नायलॉन घेताना एक पायरी जाड घ्या. टॉर्टेक्स हे डेलरिन नावाच्या प्लास्टिकपासून बनतं, मॅट फिनिश असल्याने घामात कमी घसरतं, आवाज समतोल, आणि काय घ्यावं कळत नसेल तर माझं उत्तर हेच. अल्टेक्स ताठ, चकचकीत आवाजाचं आणि फारच टिकाऊ, पण वाइंड केलेल्या, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेल्या, जाड तारांवर तिरका घासला तर चिरचिर ऐकू येते. धातूचे पिक आवाज झणझणीत देतात पण तारांची झीज वाढते, आणि अकूस्टिकच्या लाकडावर चुकून लागला तर ओरखडा कायमचा.

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर ब्रिटनच्या जुन्या सिक्सपेन्सच्या नाण्याने वाजवतो. नाणं अजिबात वाकत नाही त्यामुळे वाकायचं सगळं काम बोटांच्या पकडीवर येतं, आणि कडेच्या खाचांमुळे नोटच्या सुरुवातीला एक खरखर मिळते. तुम्ही नाणं घ्या असं म्हणत नाहीये मी, पण वर जे म्हटलं की कोणीतरी वाकतंच त्याचं याच्याइतकं टोकाचं उदाहरण दुसरं नाही.

पकडीचं थोडक्यात. अंगठ्याचं पोट आणि तर्जनीची कड, यांच्यामध्ये पिक, बाहेर काही मिलिमीटर टोक, स्ट्रमिंगला जरा जास्त, लीडला कमी. हाताला घाम येत असेल तर चकचकीत पॉलिश केलेले पिक टाळा, खडबडीत किंवा मधे भोकं असलेले घ्या. आणि पिक तारेला अगदी सपाट न लावता थोडा तिरका करा, कड तारेवरून सरकून जाते आणि जाड पिकसुद्धा अडकत नाही. जाड पिक 'जमत नाही' म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम हा कोनाचाच असतो.

बोटांनी आणि पिकने एकत्र वाजवायचं असेल, म्हणजे हायब्रिड पिकिंग, तर मध्यम ते जाड आणि न फिरणारा पिक बघा कारण पकड दोनच बोटांवर असते. नुसतं फिंगरस्टाइल करायचं पण बेस तारा ठणठणीत पाहिजेत तर अंगठ्यात घालायचा थंबपिक आहे, गिटारवादक चेट अॅटकिन्स तोच वापरायचा. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला पिक नकोच शक्यतो, तिच्या समोरच्या लाकडावर पिकगार्ड, म्हणजे ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी, नसतं. युकुलेलेसाठी फेल्टचे मऊ पिक मिळतात.

आता निवडायचं कसं प्रत्यक्षात. सगळं एकदम बदललं तर काहीच कळत नाही. एकाच कंपनीचे, एकाच मटेरियलचे, एकाच आकाराचे तीन घ्या, समजा टॉर्टेक्समधले केशरी, हिरवा, जांभळा. मग फोन एका जागी ठेवा, गिटारपासून तेवढ्याच अंतरावर, आणि तिन्हीने तेच तीन तुकडे रेकॉर्ड करा: एक साधं स्ट्रमिंग, एक स्केल ज्यात तारा बदलाव्या लागतात, आणि सगळ्यात जाड ई तारेवर पाम म्यूट. थोड्या वेळाने ऐका, शक्यतो कुठला पिक कुठला हे न बघता. वाजवताना जो आरामशीर वाटला तोच ऐकताना चांगला असेलच असं नाही, खासकरून सवयीचा पातळ पिक नेहमी आरामशीर वाटतो. जाडी ठरली की तीच ठेवून टोक बदला, आणि मटेरियल सगळ्यात शेवटी. नव्या पिकला एक-दोन दिवस तरी द्या, पहिल्या दहा मिनिटांवरून फेकू नका.

आणि एक पिक सगळ्याला पुरला पाहिजे असा हट्ट नको. स्ट्रमिंगला पिवळा आणि लीडला जॅझ थ्री, असे दोन खिशात ठेवणारे खूप आहेत, सेट चालू असताना बदलायला दोन सेकंद लागतात.

झीज बघत राहा. टोकाची एकच बाजू तिरकी झिजत असेल तर तुमचा पिक कुठल्या कोनात तारेला लागतो ते त्यावरून दिसतं, आणि कडेला खरखरीत दातरे आले की तारांवर घासल्याचा आवाज वाढतो. मग एकतर बदला नाहीतर बारीक पॉलिश पेपरवर, ६०० नंबरने सुरुवात करून १००० वर संपवत, कड हलकेच घासा आणि शेवटी जीन्सच्या कापडावर चोळून गुळगुळीत करा. हे नव्या पिकलाही करता येतं, टोक जरा जास्त टोचतंय वाटलं तर दोन मिनिटं घासून गोल करा आणि परत वाजवून बघा, फक्त एका वेळी थोडंच घासा कारण गेलेलं टोक परत येत नाही.