बडोद्यात बाबागाडी घेताना

बदलीने किंवा नोकरीनिमित्त बडोद्यात आलेली जोडपी घर लागलं की एक प्रश्न हमखास विचारतात: बाळासाठी गाडी कोणती घ्यावी? शब्दाची अडचण नाही, गुजरातीतही तिला बाबागाडीच म्हणतात. अडचण अशी की दुकानातल्या फरशीवर प्रत्येक गाडी लोण्यासारखी चालते. सोसायटीच्या फाटकाबाहेर पेव्हर ब्लॉकच्या फटी, गतिरोधक आणि वर आलेली गटाराची झाकणं लागली की खरं काय ते कळतं, आणि तोवर खोका भंगारवाल्याकडे गेलेला असतो. बाळ काय, कुठल्याही धड गाडीत मावतं. गाडी मात्र तुमच्या लिफ्टमध्ये, जिन्यावर, डिकीत आणि रोजच्या रस्त्यावर मावली पाहिजे. म्हणून दुकानाआधी घरातली मापं घ्या.

लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी, लिफ्टची आतली खोली, आणि मुख्य दार व जाळीचं दार दोन्ही उघडल्यावर उरणारी जागा, एवढं कागदावर लिहून खिशात ठेवा. एका बाळाची गाडी साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते. जुळ्यांची शेजारीशेजारी बैठकीची गाडी ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि जुन्या लिफ्टच्या दारात अडकते. जुळी असतील तर एकामागे एक बैठकीची बघा. लिफ्टची खोली मोजताना गाडीच्या लांबीत मागे उभं राहणारं माणूस धरायचं, हे बहुतेक जण विसरतात.

कारेलीबाग, मांजलपूरकडच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत पुष्कळदा लिफ्ट नसते. तिथे वजनच सगळं ठरवतं. सहा-सात महिन्यांचं बाळ साधारण ७ किलो, मधली गाडी १० किलो, दुपटी-बाटल्यांची पिशवी दीड-दोन किलो. हे सगळं एकट्या आईला दुसऱ्या मजल्यावर न्यायचं आहे, आणि दोन खेपा करायच्या तर बाळाला एका टोकाला एकटं सोडावं लागतं, ते करायचं नाही. अशा घरासाठी ६-७ किलोच्या वर जाऊ नका, आणि एका हाताने घडी होते का ते दुसऱ्या कडेवर बाळ धरल्यासारखी उशी घेऊन दुकानातच करून बघा. खोक्यावरच्या वजनात टप, पुढचा ट्रे आणि खालची टोपली धरलेली आहे का, तेही विचारा.

मोटारीची डिकी मोजताना सीएनजीची टाकी लक्षात ठेवा. गुजरातेत सीएनजीच्या मोटारी भरपूर, आणि टाकीमुळे डिकीत पुष्कळदा उरते ती एक पट्टी. छत्रीसारखी मिटणारी गाडी लांब आणि बारीक होते, मीटरभराची. ती टाकीपुढे आडवी बसते. पुस्तकासारखी मिटणारी गाडी चौकोनी जाड होते आणि मग मागच्या सीटवर बाळाची जागा अडवते. रिक्षाने फिरणार असाल तर तिप्पट घडीची, पिठाच्या डब्याएवढी होणारी घ्या. ती पायाशी उभी राहते. छत्रीसारखी घडी ओवेन मॅक्लॅरन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ साली काढली. त्याआधी त्यांनी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या घडीवर काम केलं होतं, आणि तीच अक्कल हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांना लागू केली.

कधी घ्यायची

आपल्याकडे बाळंतपण बहुधा माहेरी होतं. आई बाळाला घेऊन बडोद्याला परतते तेव्हा ते अडीच-तीन महिन्यांचं झालेलं असतं. म्हणजे पहिल्या आठवड्यांसाठीची पेटीसारखी सपाट बैठक, जी महाग आणि अवजड असते, ती पुष्कळांना लागतच नाही. मात्र आधाराशिवाय बसता येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, बाळाला उभ्या पाठीच्या बैठकीत ठेवायचं नाही. मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ आक्रोश करत नाही, झोपल्यासारखंच दिसतं, म्हणून हे लक्षात येत नाही. पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडी घ्या आणि हनुवटी व छाती यांच्यात दोन बोटं शिरतात का ते मधूनमधून बघा. युरोपातल्या ईएन १८८८ मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या बाळांसाठी, दुसरा २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे. लेबलवर तो आकडा दिसला तर वजनाची मर्यादा त्यावरून समजते.

आजीने पाठवलेली मोहरीची उशी आणि जाड गोधडी घरातल्या पाळण्यासाठी असते. गाडीत ती बाळाखाली घातली की बाळ वर उचललं जातं, पट्टे सैल पडतात आणि उशीमुळे मान पुढे ढकलली जाते. गाडीच्या गादीखेरीज एखादं पातळ दुपटं पुरे. गळ्यातला काळा दोरा किंवा दृष्टमण्याची साखळी बाहेर जाताना काढून ठेवा, पट्ट्याच्या बकलात अडकते. मनगटात किंवा पायात बांधली तर चालते, पण घट्ट नको. टपाला लटकवलेली लिंबू-मिरची बाळाच्या हाताला लागेल इतकी खाली नको.

चाकं

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. १२-१५ सेंटिमीटरची कडक प्लॅस्टिकची दुहेरी चाकं मॉलमध्ये आणि घरात छान चालतात. बडोद्याच्या रस्त्यावर ती खडीत रुततात, फटीत अडकतात, आणि पुढचं चाक एकदम थांबलं की हातातली गाडी पुढे कलते. रोज सोसायटीबाहेर जायचं असेल तर मागची चाकं निदान २० सेंटिमीटरची आणि पुढची १६-१८ ची, फोमभरली किंवा रबरी कडांची घ्या. ३० सेंटिमीटरचे हवेचे टायर सगळ्यात मऊ चालतात. पण बाभळीचे काटे आणि बांधकामाचे खिळे असलेल्या रस्त्यावर ते पंक्चर होतात, आणि त्या मापाची ट्यूब कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे असेलच असं नाही. हवेचेच टायर घ्यायचे असतील तर दोन जादा ट्यूब गाडीबरोबरच घ्या.

पुढची चाकं फिरती असावीत आणि ती सरळ अडकवायचा खटका असावा. खडबडीत जागी खटका लावला नाही की चाकं थरथरतात आणि गाडी बाजूला ओढते. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांचा दांडा उलटा करता येतो, म्हणजे बाळ आईकडे तोंड करून बसतं. ही सोय चांगली आहे, पण दांडा उलटला की फिरती चाकं मागे येतात आणि गाडी वळवताना ट्रॉलीसारखी भरकटते. तेव्हा मागे आलेली फिरती चाकं खटक्याने सरळ कशी अडकवायची ते दुकानदाराकडून करवून बघा.

दुकानात जाताना १० किलोची तांदळाची थैली बरोबर न्या, किंवा तेवढ्याच वजनाचं काही तिथे मागा. थैली बैठकीत ठेवून पट्टा बांधा आणि दुकानाच्या रॅम्पवर ब्रेक लावून गाडी सोडा. एका पायपट्टीने दोन्ही मागची चाकं अडकणारा ब्रेक चांगला. दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असले की घाईत एक राहतो. मग दांड्याला एकेक किलोच्या दोन पिशव्या अडकवून थैली काढा. गाडी मागे उलटली तर घरीही तीच गत: भाजी दांड्याला, बाळ उचललं, गाडी पालथी. भाजी खालच्या टोपलीत ठेवायची. शेवटी एका हाताने नागमोडी चालवून बघा. दांडा तुमच्या कोपराच्या किंचित खाली यावा. आजी रोज फिरवणार असतील तर त्यांच्या उंचीने बघा, वरखाली होणारा दांडा असल्यास उत्तम.

पट्टा पाच जागी अडकणारा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून. खांद्याचा पट्टा बाळाच्या खांद्याच्या उंचीशी जुळवता आला पाहिजे, आणि बांधल्यावर खांद्याजवळ एक बोट शिरावं, दोन नव्हे. नुसता कमरपट्टा असलेली गाडी स्वस्त मिळाली तरी नको. बाळ खालून घसरतं.

घडीचा मुख्य खटका लागल्यावर दुसरा सुरक्षा खटका असतो का ते बघा. एकच खटका असेल आणि तो पायाने सुटत असेल तर बाळ आत असताना गाडी मिटू शकते. नळ्या जिथे एकमेकींवर सरकतात तिथे बोटं चिमटतात. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरन कंपनीने सुमारे १० लाख गाड्या परत मागवल्या होत्या, कारण तिथे १२ मुलांच्या बोटांची टोकं बिजागरीत तुटल्याच्या तक्रारी होत्या. घडी करताना आणि उघडताना बाळ आणि मोठं भावंड दोघंही हाताच्या अंतरावर नको.

रावपुरा आणि अलकापुरीकडे मुलांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे चार वाक्यं गुजरातीत आली की काम सोपं होतं: “खोलीने बतावो” म्हणजे उघडून दाखवा, “वजन केटलुं छे?”, “पैडुं छूटुं मळशे?” म्हणजे चाक सुटं मिळेल का, आणि “बिल आपजो”. तिसरं वाक्य विसरू नका, कारण आधी मोडतात ती चाकंच. ऑनलाइन घ्यायची असेल तरी तीच मॉडेल आधी दुकानात चालवून बघा. वापरलेली गाडी घ्यायला हरकत नाही, पण आडव्या नळीवर वाक किंवा गंज, सैल रिवेट, फाटका पट्टा, अर्धवट लागणारं बकल, यातलं एक जरी दिसलं तरी सोडून द्या.

रस्ता, ऊन, पाणी

सयाजीबागेचे, म्हणजे इथल्या भाषेत कमाटीबागेचे, आतले रस्ते बाबागाडीसाठी शहरात सगळ्यात चांगले. महाराज सयाजीरावांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभारलेली ही बाग सावलीची आहे. सकाळी लवकर जा. नदीकाठ असल्याने संध्याकाळी डास असतात, तेव्हा चारी बाजूंनी इलॅस्टिक असलेली जाळी गाडीबरोबर घ्या. मांडवी, मंगळबाजारकडे मात्र गाडी नेऊच नका. गर्दीत चाकं कुणाच्या तरी पायात जातात, आणि बाळाचं तोंड स्कूटरच्या धुराच्या उंचीला असतं. तिथे बाळाला छातीशी बांधायची झोळी बरी, बाळाचा चेहरा उघडा आणि तुम्हाला दिसेल असा.

रस्ता ओलांडताना एक गोष्ट. उभ्या मोटारींच्या मधून गाडी पुढे ढकलली की तुम्हाला रस्ता दिसायच्या आधी बाळ मीटरभर रस्त्यात गेलेलं असतं. तिथे गाडी आडवी ठेवून आधी स्वतः डोकावा, मग वळवा.

एप्रिल ते जून पारा पुष्कळदा ४० च्या वर जातो. ऊन लागू नये म्हणून टपावर ओढणी किंवा दुपटं झाकायची सवय इथेही आहे. कोरड्या कापडाने वारा बंद होतो आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते. मोठा टप, मागे जाळीची खिडकी असलेला, हा खरा उपाय. शक्यतो सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर निघा. उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीतून काढलेल्या गाडीचं बकल आधी हाताने चाचपा.

पावसाळ्यात गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा पार्किंगमधलं सगळंच बुडालं. पुराचं पाणी लागलेली गाडी धुऊन वापरू नका: गाळ बेअरिंगमध्ये आणि फोममध्ये शिरतो, घाण पाणी आत राहतं. साधा पाऊस लागला तर कापड काढून सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा, नाहीतर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. चाकांच्या आसाला खोबरेल तेल लावू नका, धूळ धरतं. सिलिकॉनचा फवारा थोडा पुरे.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, ही इथली वेगळी गोष्ट आहे. १४ आणि १५ जानेवारीला बाबागाडी घरातच ठेवा; पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा येतो आणि तो गळा कापतो. त्यानंतर महिनाभर तुटलेला मांजा झाडांवरून, तारांवरून खाली पडत राहतो आणि पुढच्या चाकांच्या आसाभोवती गुंडाळतो. चाक जड वाटू लागलं की गाडी उलटी करा, चाक आणि फाट्याच्या मधल्या फटीत बघा. दोरा ओढून काढू नका, ओढला की तो आणखी आत घट्ट बसतो. लहान कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा, तुकडे चिमट्याने उचला, चाक फिरवून बघा. हे काम बाळ झोपलेलं असताना करा आणि मांज्याचे तुकडे कागदात गुंडाळूनच टाका, त्यावर काचेची पूड असते.