क्लीट नीट बसवा, मग गुडघ्याला शिव्या द्या

रविवारी सकाळी पाम बीच रोडला जाऊन बघा, बेलापूरच्या टोकाला कोणीतरी एक सायकलवाला हमखास बूट काढून तळवा चोळत बसलेला असतो. विचारलं तर सांगेल, सीट खालीवर करून झाली, जाड मोजे घालून झाले, बूटही मोठे घेतले तरी बोटांना मुंग्या येतातच. क्लीटला, म्हणजे बुटाच्या तळाला असलेल्या आणि पेडलमधे अडकणाऱ्या तुकड्याला, मात्र हात लावलेला नसतो, दुकानात बसवून दिली तशीच आहे.

सामान फार लागत नाही. 4 मिमीची ॲलन की, थोडं ग्रीस, मार्कर, आणि सायकल भिंतीला टेकवून बसता येईल अशी जागा, ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) असेल तर सोन्याहून पिवळं. काहीही सैल करायच्या आधी क्लीटच्या कडेने मार्करने रेघ मारून घ्या, म्हणजे नवीन सेटिंग नाही जमलं तर निदान होतं तिथे परत जाता येईल, आणि फोटो पण काढून ठेवा कारण मार्कर पुसला जातो.

आता पायाचं बघू. बूट घालून उभे राहा आणि बुटाच्या आतल्या बाजूने चाचपा, अंगठ्याच्या मुळाशी जे जाड हाड लागतं तिथे एक खूण करा. मग बाहेरच्या बाजूने करंगळीच्या मुळाशी असंच हाड लागेल, ते थोडं मागे असतं, तिथे दुसरी खूण. पेडलचा ॲक्सल, म्हणजे ज्यावर पेडल फिरतं तो दांडा, या दोन खुणांच्या मधे कुठेतरी यायला हवा. बरेच जण तो अंगठ्याच्या हाडाच्या पण पुढे ठेवतात, म्हणजे सगळा भार बोटांवर, मग मुंग्या आणि आग होणारच, वर पोटऱ्या भरून येतात त्या वेगळ्या. माझं मत विचाराल तर कन्फ्युजन असेल तेव्हा क्लीट मागे घ्या, पुढे नको. फक्त बऱ्यापैकी मागे घेतली की सीट उंच वाटायला लागते, ती दोन-तीन मिलिमीटर खाली करा.

मग कोन. टेबलावर बसून पाय सैल लोंबकळू द्या आणि खाली बघा, पंजे सरळ आहेत की बाहेर वळलेत? बहुतेकांचे थोडे बाहेर असतात, आणि दोन्ही पायांचे सारखे असतीलच असं पण नाही. जसा पाय तसाच पेडलवर हवा, टीव्हीवरच्या रेसरसारखा नाकासमोर सरळ करायला जाऊ नका, गुडघा पिरगळतो. पंजा बाहेर वळू द्यायचा असेल तर क्लीटचं टोक बुटावर थोडं आतल्या बाजूला, अंगठ्याकडे फिरवायचं. ऐकायला उलटं वाटतं पण क्लीट पेडलमधे सरळच बसते, वळतो तो बूट. क्लिप केल्यावर टाच दोन्ही बाजूंना थोडी हलली पाहिजे, त्याला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या रोडवाल्या एसपीडी-एसएल क्लीटमधे पिवळ्याला 6 डिग्री, निळ्याला 2, लालला शून्य. नवीन असाल तर पिवळीच घ्या, लालच्या भानगडीत पडूच नका.

आडवं सरकवायचं गणित पण असंच उलटं, क्लीट आत घेतली की पाय क्रँकपासून (पेडल ज्या दांड्याला जोडलेलं असतं त्यापासून) बाहेर जातो. टाच किंवा घोटा क्रँकला घासत असेल तर एवढंच करा.

बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि दोन्ही (रोडवाल्यात तीन) थोडे थोडे आळीपाळीने आवळा, 5-6 न्यूटन मीटरपर्यंत. ग्रीसचा आळस नको, आपल्याकडे खाडीची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, पुढच्या वेळी बोल्ट गंजून बसलेले असतात आणि ॲलनचं डोकं झिजतं. पेडलच्या आट्यांना पण तेच. पेडल काढायची वेळ आली तर डाव्याचे आटे उलटे असतात हे विसरू नका. सोपी युक्ती म्हणजे त्या त्या बाजूला उभं राहायचं, पाना वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही पेडलं सुटतात.

क्लिपचं टेन्शन, म्हणजे पेडल क्लीटला किती घट्ट धरतं ते, सुरुवातीला एकदम कमी ठेवा. एमटीबीवाल्या (माउंटन बाइकच्या) दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या पेडलला प्रत्येकी दोन स्क्रू असतात, चारही सारखेच फिरवा, नाहीतर एका बाजूने पाय पटकन सुटेल आणि दुसऱ्या बाजूने सिग्नलला रिक्षावाल्यासमोर आडवे व्हाल. आधी भिंतीला धरून क्लिप-अनक्लिपची सवय करा, टाच बाहेर झटकायची, पाय वर ओढायचा नाही.

टेस्ट करायला थेट येऊर चढू नका, ठाण्यात असाल तर उपवनच्या आसपास सपाटीला फेऱ्या मारा, ॲलन की खिशात ठेवून. एका वेळी एकच बदल आणि तोही एक-दोन मिलिमीटरचा. गुडघा आतून किंवा बाहेरून दुखला तर आधी कोन तपासा, समोरून दुखला तर सीट खाली असण्याची शक्यता जास्त. आणि दुखणं राहिलंच तर क्लीट फिरवत बसू नका, फिजिओला दाखवा.