ठेंगणी संकरित कोरफड : बेळगावच्या पावसात या चुका टाळा

‘पिंक ब्लश’, ‘ख्रिसमस कॅरोल’ ही तळहातावर मावणारी, पानभर गुलाबी-तांबड्या खरखरीत नक्षीची कोरफड आता आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही दिसू लागली आहे. या दोन्ही जाती कॅलिफोर्नियातल्या केली ग्रिफिन यांनी संकरातून तयार केल्या. अशा ठेंगण्या संकरांचं मूळ बहुतेक वेळा मादागास्करच्या छोट्या जातींपर्यंत जातं. परड्यातली औषधी कोरफड कशीही जगते, मग हीही जगेल असं धरून चालू नका. आणि हिचा गर खायला किंवा तोंडाला लावायला घेऊ नका, ही फक्त शोभेची.

आपल्याकडे ही झाडं तहानेने क्वचितच मरतात. मरतात ती मृग ते दसरा या काळात, उघड्या गच्चीवर. खानापूर-जांबोटीकडे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, बेळगाव शहरात झडी लागतात, अथणीकडे मात्र पाऊस बेताचा. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा व्हिडिओतला सल्ला सगळ्यांना कसा लागू पडेल? पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा पडवीच्या कडेला घ्या, उजेड आणि वारा मात्र मिळू द्या. पाणी देण्याआधी कुंडी उचलून बघा. हलकी लागली तरच द्या, तेही मातीत. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचलं की गाभा कुजतो.

सगळ्यात जास्त फसवतात ती सुरकुतलेली पानं. पान सुकलं म्हणून माणूस पाणी घालतो, दोन दिवसांनी पुन्हा घालतो, आणि झाड हातात येतं. पानं तहानेनेही सुरकुततात आणि मुळं कुजल्यावरही, कारण मुळंच नसतील तर ओल्या मातीतलं पाणी वर चढणार कसं? आधी बोटाने माती बघा, मग झाड हलकेच हलवा. माती कोरडी आणि झाड घट्ट असेल तर खुशाल पाणी द्या. माती ओली, झाड डुगडुगतंय, खालची पानं पिवळट-पारदर्शक आणि बुडखा काळा, तर ती कूज. झाड उपटून सगळी माती झाडा, धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून काळा भाग कापा, आत स्वच्छ फिकट भाग दिसेपर्यंत. चार-पाच दिवस सावलीत कोरडं होऊ द्या, मग खाली सांगितलेल्या माती-खडीच्या कोरड्या मिश्रणात लावा आणि आणखी आठवडाभर पाणी नको. जीव वर-खाली होतो, पण थांबा.

मिश्रणाचं म्हणाल तर नर्सरीचं कोकोपीट आधी काढून टाका. चिकोडी-निपाणीकडची काळी माती तर अजिबात नको. ती ओल धरून बसते आणि वाळली की भेगाळते. एक भाग तांबडी माती, दोन भाग विटांचे बारीक तुकडे किंवा खडीची चुरी पुरते. बांधकामावरची क्रश सँड वापरणार असाल तर चाळून घ्या, तिच्यातली भुकटी पाण्याने बसून घट्ट थर होतो. कुंडी मातीची, चार इंची, बुडाला भोक असलेली. कुंभारकामासाठी खानापूरचं नाव आहेच. फक्त कुंडीला ऑइल पेंट फासून तिची छिद्रं बुजवू नका.

रंग उडून झाड हिरवं पडलं तर ते आजारी नाही, ऊन कमी पडतंय. पण म्हणून सावलीतलं झाड एकदम एप्रिलच्या दुपारी उन्हात ठेवू नका, पानं करपतात आणि ते डाग जात नाहीत. सकाळचं ऊन हळूहळू वाढवत न्या. खरा रंग थंडीत चढतो. वाढही तेव्हाच चांगली होते, त्यामुळे कुंडी बदलायची तर दसऱ्यानंतर. खताची घाई नको, थंडीत एकदा अगदी पातळ द्रवखत बास.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कापूसकाडी स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. मुळांवरही असतो, म्हणून कुंडी बदलताना बघा. पानाच्या बुडाशी किंवा फुलाच्या दांड्यावर वेड्यावाकड्या गाठी आल्या तर मात्र ते सूक्ष्म कोळ्याचं (माइट) काम, जाळं विणणाऱ्या कोळ्याचं नव्हे. हा कोळी डोळ्यांना दिसत नाही, वाऱ्यावर पसरतो, आणि गाठीच्या आत असल्याने नीमतेल त्याच्यापर्यंत पोचत नाही. गाठीचा भाग कापून जाळा, कुंडी वेगळी ठेवा. गाठी पुन्हा आल्या तर सगळं झाडच टाकून द्या, आणि त्याची पिल्लं शेजारणीला देऊ नका.