देशी ग्लायडर परदेशी स्पर्धेला न्यायचंय? आधी काट्यावर चढवा

आपल्याच देशात बांधलेलं ग्लायडर आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडायचं म्हटलं की सगळे आधी माहितीपत्रक उघडतात आणि ग्लाइड रेशोचा, म्हणजे एक मीटर उंची जाताना ग्लायडर किती मीटर पुढे जातं त्याचा, आकडा शोधतात. आम्हीही तेच केलं होतं. आकडा चांगला होता, बांधणारी माणसं ओळखीची होती, शंका आली तर फोन करून विचारता येत होतं. स्पर्धेच्या मैदानावर तांत्रिक तपासणीत ते ग्लायडर काट्यांवर चढलं, तेव्हा छापील रिकामं वजन आणि खरं वजन यांत 24 किलोंचा फरक निघाला. त्यातले 15 किलो एकट्या फ्युजलाजमध्ये, म्हणजे मधल्या धडात, होते. म्हणून ही यादी वजनापासून सुरू करतो, आणि मध्ये मध्ये पुन्हा वजनाशीच येणार आहे. कंटाळू नका.

ग्लायडरला कमाल वजनाची एकच मर्यादा असते असं बहुतेकांना वाटतं. दुसरीही असते, नॉन-लिफ्टिंग पार्ट्सची. म्हणजे जे भाग स्वतः उचल देत नाहीत त्यांचं एकूण वजन: फ्युजलाज, शेपूट, उपकरणं, बॅटऱ्या, ऑक्सिजनची बाटली, पायलट, त्याचं पॅराशूट, त्याचं पिण्याचं पाणी. पंखात मुद्दाम वजनासाठी भरलेलं पाणी पंखच जागेवर उचलतो, पण मधला सगळा भार पंखांच्या मुळाशी वाकवणारा ताण देतो, म्हणून ही मर्यादा वेगळी. आमच्या ग्लायडरला ती 230 किलो होती. पत्रकाप्रमाणे फ्युजलाज 112, प्रत्यक्षात 127. पायलट पॅराशूटसकट 102. इतर सामान 7. बेरीज 236. पंख रिकामे ठेवले तरी या 6 किलोंना उत्तर नव्हतं. तपासनिसाने शांतपणे सांगितलं की हे कमी करून आणा, मग उडा. आम्ही ऑक्सिजन काढला, दुसरी बॅटरी काढली, पाण्याच्या दोन पिशव्यांची एक केली. चौथ्या दिवशी साडेतीन तासांनी उरलेली एकमेव बॅटरी बसली, उड्डाणाचा मार्ग नोंदवणारा रेकॉर्डर बंद पडला आणि त्या दिवसाचे गुण शेवटच्या नोंदलेल्या बिंदूपर्यंतचेच मिळाले. पायलट मात्र त्या दिवशी ठरवून दिलेला पूर्ण मार्ग, म्हणजे टास्क, उडून परत आला होता. त्याला हे सांगायला जाताना पाय उचलत नव्हते.

तेव्हा वजन करा. विकणाऱ्याने दिलेला वजनाचा कागद नको, तुमच्यासमोर केलेलं वजन हवं. नमुन्याचं सरासरी वजन नको, तुम्ही नेणार आहात त्याच क्रमांकाच्या ग्लायडरचं हवं. हाताने कापड आणि राळ घालून थोड्या संख्येने बांधलेल्या ग्लायडरांत एकाचं वजन दुसऱ्यासारखं कधीच नसतं: एका पंखात राळ जास्त मुरते, कुठे दुरुस्तीचा थर चढतो, कुठे दुसऱ्यांदा रंग बसतो. पंख, फ्युजलाज, आडवी शेपूट वेगवेगळी तोला, मग जोडून तोला, मग स्पर्धेत नेणार ती सगळी उपकरणं बसवून तोला, मग पायलटला पॅराशूट घालून आत बसवून तोला. पायलटचं वजन त्याला विचारू नका, तेही काट्यावरच घ्या. शेवटच्या दोन तोलण्यांत गुरुत्वमध्यही काढा, कारण शेपटीतली बॅटरी काढली की तो पुढे सरकतो आणि जड पायलट असेल तर तो आधीच पुढे असतो.

आता स्पर्धेचे वर्ग. हे सोपं आहे, पण निवडीच्या आधी ठरवा, नंतर नव्हे. स्टँडर्डमध्ये 15 मीटर पंख आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खालीवर होणारे पट्टे) नाहीत. 15 मीटर वर्गात फ्लॅप चालतात. 18 मीटरमध्ये कमाल वजन 600 किलो. खुल्या वर्गात पंखांच्या लांबीला मर्यादा नाही. क्लब वर्गात हँडिकॅप असतो, म्हणजे नमुन्याच्या क्षमतेप्रमाणे गुण कमीजास्त होतात, आणि पाण्याचं बॅलस्ट चालत नाही. शिवाय 13.5 मीटर आणि दोन आसनी 20 मीटर आहेत. देशी, कमी संख्येत बांधलेलं ग्लायडर क्लब वर्गात न्यायचं असेल तर हँडिकॅपच्या यादीत तुमचा नमुना मुळात आहे का ते आयोजकांना लेखी विचारा. ते नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी ते सोडवा.

देशीच का, हा प्रश्न कोणी विचारेलच, आणि तो विचारायलाच हवा. 1952 साली माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत फिलिप विल्स जिंकले ते ब्रिटिश स्लिंग्सबी स्कायवर. 1958 ला लेश्नोमध्ये अ‍ॅडम वितेक पोलंडच्याच मुखा स्टँडर्डवर स्टँडर्ड वर्गात पहिले आले. 1965 ला साउथ सर्नीत यान व्रुब्लेव्स्कींनी 15 मीटरचं फोका-4 खुल्या वर्गात उतरवलं आणि मोठ्या पंखांच्या ग्लायडरांना मागे टाकलं. हे वाचून छाती भरून येते, माझीही येते. पण 1956 मध्ये सँ-याँला जिंकलेले पॉल मॅकक्रेडी अमेरिकन होते आणि ज्यावर जिंकले ते ब्रेगे 901 फ्रेंच होतं. दिलेल्या हवेत, दिलेल्या पायलटला जे चालतं ते घ्या. देशी ग्लायडरचे खरे फायदे दोन. बांधणारा हाताशी असतो, त्यामुळे पायलटच्या मापाची सीट, हवी तिथे उपकरणाची चौकट, हव्या त्या जागी टाकी मिळते. आणि पायलटने तेच ग्लायडर वर्षभर उडवलेलं असतं. हे दोन्ही फायदे तुमच्या बाबतीत लागू नसतील तर अभिमानासाठी निवडू नका.

पत्रकावरचा ग्लाइड रेशो हा एका वेगाचा आकडा असतो, आणि स्पर्धेत त्या वेगाने फारसं कोणी उडत नाही. थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, जोरदार असेल तर दोन थर्मलमधलं अंतर बरंच वेगाने कापायचं असतं. तिथे ग्लायडर किती खाली बसतं ते बघा. म्हणजे पूर्ण पोलर, दर वेगाला किती उंची जाते त्याचा आलेख, मागा, आणि तो मोजलेला आहे की गणिताने काढलेला, ते विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर गणिताने काढलेला आहे. जर्मनीत इडाफ्लीग ही विद्यापीठांतल्या ग्लायडिंग गटांची संघटना उन्हाळी मेळाव्यात नवी ग्लायडरं एका मोजून ठेवलेल्या ग्लायडरच्या बाजूला उडवून तुलना करते. त्यासाठी त्यांच्याकडे पंख 17 मीटरपर्यंत वाढवलेलं एक डीजी-300 असतं. तुमच्याकडे तसं नसेल, पण ज्याचा पोलर माहीत आहे असं एखादं ग्लायडर नक्की असेल. पहाटे, थर्मल सुरू व्हायच्या आत, दोन्ही उंच न्या, शेजारी शेजारी ताशी 100, 130, 160, 180 किलोमीटरच्या वेगाला दोन-दोन मिनिटं सरळ उडवा आणि उंचीतला फरक लिहा. दोन्हींचा विंग लोडिंग, म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर येणारं वजन, सारखा ठेवा, नाहीतर सगळी पहाट वाया. आणि तो सारखा ठेवायचा तर दोन्हींचं खरं वजन माहीत हवं. बघा, पुन्हा काटाच लागला.

विंग लोडिंगचंच सांगतो, कारण वजनाचा खरा फटका इथे बसतो. वजन 20 टक्क्यांनी वाढलं तर तोच ग्लाइड रेशो साधारण 10 टक्के जास्त वेगाला मिळतो. म्हणून चांगल्या हवेच्या दिवशी सगळे पाणी भरतात. मग जड ग्लायडर चांगलंच की, असं आमच्यातल्या एकाने म्हटलं होतं. अजिबात नाही. पाणी हवेत सोडून देता येतं, राळ आणि काचतंतू सोडून देता येत नाहीत. ढगांनी ऊन झाकलं, थर्मल सेकंदाला मीटरभर चढाईवर आली की हलकं ग्लायडर रिकामं होऊन लहान घेऱ्यात चढत राहतं, आणि तुमचे ते 24 किलो तुमच्याबरोबर शेतात उतरतात. पोलंडचं डायना-2 रिकामं 182 किलोच्या आसपास भरतं. सेबास्टियन कावा त्यावर 2012 साली युवाल्डीला 15 मीटर वर्गात जगज्जेता झाला. तेव्हा कमाल लोडिंगपेक्षा किमान आणि कमाल यांच्यातलं अंतर बघा. किमान म्हणजे तुमच्या पायलटसकट, सगळ्या उपकरणांसकट, काट्यावर मोजलेलं किमान.

पंखाचा पृष्ठभाग दिवसा उघड्यावर पाहून काही कळत नाही. अंधाऱ्या हँगरमध्ये टॉर्च पंखाच्या कातडीला जवळजवळ टेकवून धरा आणि उजेड तिरपा सरकवत न्या. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य कण्याच्या, रेषेत, पंखाच्या लांबीभर, एक बारीकसा उंचवटा सावली टाकताना दिसेल. बोटाच्या टोकाला तो लागतो, डोळ्याला एरवी दिसत नाही. राळ पुरती वाळत जाताना आक्रसते आणि खालचा स्पार वर उमटतो. हवा गुळगुळीत वाहू देणाऱ्या लॅमिनार पंखाला बिघडायला तेवढं पुरतं. कोरं करकरीत ग्लायडर म्हणून भुलू नका. दोन उन्हाळे काढलेलं जास्त खरं बोलतं. घासून सपाट करता येतं, पण घासल्यावर आणि नवा थर दिल्यावर, होय, पुन्हा वजन करा. एलेरॉन (ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणारे पंखाचे पट्टे) आणि फ्लॅपच्या फटींवरच्या पट्ट्या, पंखावरची हवा नीट राखायची झिगझॅग टेप, किडे पुसायचे वायपर: बांधणाऱ्याने सुचवलंय तसं, एक दिवस द्या.

ओल्या पंखाने उडवून बघा. काही पंखछेद पावसाच्या थेंबांनी चांगलेच बिघडतात, आणि ते पहिल्यांदा स्पर्धेच्या शेवटच्या ग्लाइडमध्ये कळू नये.

कॉकपिट. पायलटला पॅराशूटसकट पाच तास बसवा, जमिनीवरच. गुडघा कुठे अडतो, मानेला पाठीमागे वळून बघता येतं का, लघवीची नळी चालते का. मग गर्दीत घिरट्या घालायचा सराव: थर्मलमध्ये वीस-तीस ग्लायडरं असताना पायलटचं लक्ष बाहेर हवं, स्टिकवर नव्हे. ग्लायडर मंद वेगाला सूचना न देता पंख टाकत असेल तर ग्लाइड रेशो कितीही असो, नको. पूर्ण पाणी भरून विमानामागे टोइंग करून बघा. पहिल्या काही मीटरांत एलेरॉन धरत नसतील तर पंख टेकतो. पाणी दोन्ही बाजूंनी सारखं सुटतं का, किती मिनिटांत सुटतं, शेपटीची टाकी आधी रिकामी होते का, हे घड्याळ लावून बघा.

जोडणी अंधारात आणि पावसात दोन माणसांना जमली पाहिजे. कंट्रोल आपोआप जुळत नसतील, लोतेलिए जोड (कंट्रोलच्या दांड्यांचे गोळा-खोबणीचे जोड) हाताने बसवायचे असतील, तर पिन आणि जोडल्यानंतर दुसऱ्या माणसाने कंट्रोल दाबून धरून केलेली तपासणी, रोज. यात सूट नाही.

कागद. देशी ग्लायडर कारखान्याबाहेर पडताना बऱ्याचदा पूर्ण प्रकार-प्रमाणपत्र न मिळता प्रायोगिक किंवा तात्पुरत्या परवान्यावर उडत असतं. 1944 च्या शिकागो कराराच्या कलम 33 प्रमाणे दुसरे देश किमान आंतरराष्ट्रीय दर्जा पाळणारं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मान्य करतात. प्रायोगिक परवाना त्यात आपोआप येत नाही. यजमान देशाच्या विमान वाहतूक खात्याची लेखी परवानगी वेगळी मागावी लागते, आणि तिला वेळ लागतो. प्रवेशअर्जाच्या आधी सुरू करा. रेकॉर्डर आयजीसीमान्य (आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाने मान्य केलेला) आहे का आणि त्याच्या कॅलिब्रेशनचा दाखला चालू आहे का ते तपासा. टक्कर टाळायचा इशारा देणारं फ्लार्म. विमा यजमान देशात लागू आहे का. फ्लाइट मॅन्युअल इंग्रजीत, आणि त्यातलं वजनाचं पान ताजं. ताजं म्हणजे तुम्ही आत्ता केलेलं.

सुटे भाग: परदेशी मैदानावर तुमच्या ग्लायडरचा एकही भाग कुणाकडे नसेल. चाकाची ट्यूब, शेपटीचं चाक, कॅनॉपीचं बिजागर, टो-हुक, एक पुशरॉड, पंखाच्या मुख्य पिना, राळ आणि कापड. बाकी बांधणाऱ्याला विचारा.

ट्रेलरचे टायर, दिवे, स्टेपनी. जहाजाने जायचं तर 40 फुटी कंटेनर, 15 मीटरच्या पंखाचा अर्धा भाग 20 फुटीत मावत नाही. कस्टमसाठी एटीए कार्ने (शुल्क न भरता तात्पुरतं सामान नेण्याचा कागद). टो-दोरातली जास्त ताणाला तुटणारी वीक लिंक मॅन्युअलप्रमाणे. स्पर्धाक्रमांक शेपटीवर. दोन चार्जर.

मैदानावर पोहोचल्यावर अधिकृत तपासणीची वाट न बघता पहिल्या संध्याकाळी आयोजकांचे काटे मागा आणि एकदा चढवून घ्या. त्यांचा काटा आणि तुमचा काटा यांत दोन-तीन किलोंचा फरक निघतो, आणि तो आदल्या दिवशी कळलेला बरा. वजनाच्या कागदाची एक प्रत ट्रेलरमध्ये नको, कॉकपिटच्या उजव्या खिशात ठेवा. ग्रिडवर, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत, विचारतात तेव्हा ट्रेलर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो.