कंपनीचा वकील आणि आपला वकील

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बहुतेकांची इमिग्रेशन वकिलाशी पहिली गाठ कंपनीमुळेच पडते. फर्म कंपनी नेमते, एचआरकडून एक लिंक येते, आपण डिग्री, पे स्लिपा, पासपोर्ट अपलोड करतो आणि यथावकाश आय-७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस, हाती पडतो. सगळं सुरळीत चाललं की हा वकील आपलाच आहे असं वाटू लागतं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी इथेच थांबवते. एच-१बीची पिटिशन, म्हणजे सरकारकडे केलेला अर्ज, कंपनीची असते. ग्रीन कार्डाच्या वाटेवरचं पर्म (कामगार खात्याचं प्रमाणपत्र) आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यानंतरची पिटिशन, आय-१४०, हेसुद्धा कंपनीचंच. वकील अनेकदा दोघांचाही असतो, पण म्हणूनच तुम्ही त्याला सांगितलेलं कंपनीपासून लपून राहील असं धरून चालू नका. ‘नोकरी बदलायचा विचार आहे’ हे वाक्य त्या वकिलाजवळ बोलायचं नाही.

यात वकिलाचं काही चुकतं असं नाही, त्याचं काम तेच आहे. पण मोक्याच्या वेळी पदरचे पैसे खर्चून एक तास स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यायची तयारी हवी. इमिग्रेशन कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे कुठल्याही राज्याचं लायसन्स असलेला वकील चालतो. तो तुमच्याच शहरातला असण्याची गरज नाही. नाव त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर शोधा. लायसन्स चालू आहे का, शिस्तभंगाची काही कारवाई झाली आहे का, ते तिथे बघायला मिळतं. फॉर्म भरून देणारे ‘कन्सल्टंट’ आणि नोटरी हे वकील नव्हेत, कितीही ओळखीतले असले तरी. आणि ‘काम शंभर टक्के होणार’ म्हणणाऱ्याकडून तर उठूनच यावं.

त्या एका तासाचं सोनं करायचं तर कागद लावून न्यावेत. मी ज्या वकीलबाईंकडे जाते त्या बोलण्याआधी सगळे आय-७९७ तारखेप्रमाणे टेबलावर मांडतात, शेजारी पासपोर्ट ठेवतात आणि सर्वांत ताजा आय-९४, म्हणजे देशात आल्याची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद, उघडतात. तारखांवरून बोट फिरवत त्या एकच गोष्ट शोधतात: मध्ये कुठे खंड पडला आहे का. आय-९४कडे आपलं लक्ष नसतं, आणि खरी मेख तिथेच असते. आय-७९७वर २०२८ लिहिलेलं असलं तरी तुमचा पासपोर्ट २०२७मध्ये संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ २०२७पर्यंतच देऊ शकतो. मग राहण्याची मुदत तीच. म्हणून परदेशातून परतल्यावर लगेच आय-९४ डाउनलोड करून तारीख बघायची, आणि पासपोर्ट संपत आला असेल तर प्रवासाआधीच नवा करून घ्यायचा.

आय-१४० मंजूर झाल्यावर त्याची प्रत मागून घ्या. कंपनी देतेच असं नाही. प्रत नाही मिळाली तर निदान रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख, तरी लिहून ठेवा. भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब आहे, कारण एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं येत नाहीत. नोकरी बदलली तरी ती डेट सहसा आपल्याबरोबर येते, आणि आय-१४०च्या आधारावर एच-१बी सहा वर्षांपलीकडेही वाढतो.

लेऑफ झाला तर मात्र त्याच दिवशी वकिलाला फोन. देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. नोकरीचा शेवटचा दिवस नेमका कोणता धरायचा, हा पहिला प्रश्न. दुसरा, नव्या कंपनीची पिटिशन वेळेत होईल का, की एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) किंवा बी-२ (पर्यटक व्हिसा) यासाठी अर्ज टाकून ठेवायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर याची दहा उत्तरं मिळतात, आणि प्रत्येक उत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी तारखांवर बेतलेलं असतं.

फीचं आधी लेखी ठरवा. कामाची एकरकमी फी की तासाचा दर, सरकारी फी त्यात धरली आहे का, आरएफई (सरकारकडून जादा पुराव्यांची मागणी) आला तर वेगळे पैसे का, हे विचारायला संकोच नको. पर्मच्या वकिलाची फी मात्र कायद्याने कंपनीनेच द्यायची असते. ती तुमच्या पगारातून कापू लागले, तर तेही स्वतंत्र वकिलाला दाखवा.

अटक झाली, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असली, तरी गुन्हा कबूल करण्याआधी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्या. केस निकालात निघाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो.

मुलं असतील तर त्यांच्या वयाकडे आतापासून बघा. एकविसावं वर्ष पूर्ण झालं की एच-४ संपतो आणि मुलाला एफ-१ या विद्यार्थी व्हिसासारखा स्वतःचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्डासाठी मात्र आय-१४० प्रलंबित राहिलेले दिवस ठरावीक अटींवर वयातून वजा होतात. हा हिशेब मूल शाळेत असतानाच वकिलाकडून मांडून घ्यावा, म्हणजे कॉलेजची फी आणि स्टेटस दोन्हींची तजवीज करायला हाताशी वर्षं उरतात.