पऱ्हाटीच्या वावरात उतरणारे विमान कशाचे करावे?

रेडिओ-नियंत्रित हलक्या विमानासाठी बाल्सा लाकूड उत्तम खरे, कारण साधारण १६० किलो प्रति घनमीटर एवढ्याच घनतेतही ते ताठ राहते. परंतु कापूस वेचून झालेल्या वावरात विमान उतरवायचे असेल, तर पऱ्हाटीचा एक खुंटही पंखाची फासळी मोडायला पुरेसा होतो. अशा ठिकाणी २० ते ३० किलो घनतेचा ईपीपी (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक फुगवून केलेला) फोम मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो दबला तरी बहुधा पूर्ववत होतो. मात्र तो लवचीक असल्याने पंखात बांबूची तासलेली कमची किंवा कार्बनची नळी बसवावीच लागते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल फुकट मिळतो, पण साध्या इन्स्टंट ग्लूने तो विरघळून खड्डा पडतो. त्याला पांढरा फेविकॉल लावून रात्रभर वाळू द्यावे.